म्हण कोण कोणाला म्हणतो?

१/ म्हणी म्हणजे समाजाचा आरसा, हे वाक्य शाळेतल्या निबंधापासून जाडजूड ग्रंथांच्या प्रस्तावनेपर्यंत सर्वत्र भेटते. त्यात तथ्य आहेच; परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे थबकून एक शंका घ्यायला हवी. समाज म्हणजे नेमके कोण? पाटील, की त्याच्या घोड्यामागे धावणारा? सासू, की सून? सावकार, की कूळ? एकच म्हण या सर्वांचे मन एकाच वेळी सांगू शकत नाही. हा धागा काही परिचित मराठी म्हणी घेऊन त्यांच्यामागचा बोलणारा आणि ऐकणारा शोधण्याचा आहे.

२/ प्रथम या म्हणी आपल्यापर्यंत आल्या कशा, हे पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यात शब्दांच्या ओघात शेकडो म्हणी नोंदल्या गेल्या. १८९९ मध्ये ए. मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा स्वतंत्र संग्रह ऑक्सफर्डहून प्रकाशित केला आणि शेती, जनावरे, अन्न, घर, पैसा, नातीगोती अशा विषयांनुसार त्यांची मांडणी केली. पुढे १९४० च्या दशकात य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ आला.

३/ या संग्राहकांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यावाचून अनेक म्हणी विरून गेल्या असत्या. पण म्हण कोशात शिरली की तिची एक गोष्ट बाहेरच राहते, ती म्हणजे प्रसंग. ओसरीवर, बांधावर, पाणवठ्यावर कोणीतरी कोणाला तरी उद्देशून ती उच्चारलेली असते. कोशात मात्र ती अर्थासह एकटी उभी राहते. मग वाचणाऱ्याला वाटते, की हे साऱ्या महाराष्ट्राचे एकमुखी मत आहे.

४/ या गैरसमजाचे परिणाम कोशापुरते राहिले नाहीत. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांच्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१९०८) या ग्रंथात जाती आणि म्हणी यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ब्राह्मण, वाणी, न्हावी, सोनार यांच्याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलेली थट्टा तेथे त्या त्या जातीच्या स्वभावाचे वर्णन म्हणून मांडली गेली. गिऱ्हाईक वाण्याबद्दल जे बोलते ते गिऱ्हाइकाच्या जाचाबद्दल बरेच काही सांगते. त्यावरून साऱ्या वाण्यांचा स्वभाव ठरवणे म्हणजे फिर्यादीच्या जबानीलाच निकाल मानणे होय. हा दोष राज्यकर्त्यांच्या ग्रंथात आला, म्हणून तो अधिक गंभीर.

५/ गंमत अशी, की म्हण कशी वाचावी हे एका मराठी म्हणीतच सांगितलेले आहे: ‘लेकी बोले सुने लागे’. सासू रागावते लेकीवर, बाण लागतो सुनेला. शब्दांचा रोख आणि बोलण्याचा रोख वेगळा असू शकतो, हे ज्ञान या चार शब्दांत आहे. म्हणून कोणत्याही म्हणीला तीन प्रश्न विचारावेत. ती कोण म्हणतो? कोणाला ऐकवण्यासाठी म्हणतो? आणि ती म्हटल्याने कोणाचे काम साधते?

६/ प्रारंभ ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीपासून करू. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. हे अकरा दिवसांचे अंतर साचत जाते आणि साधारण ३२ ते ३३ महिन्यांनी पंचांगात एक अधिक मास धरावा लागतो. त्या वर्षाचे महिने तेरा होतात. आधीच दुष्काळ, त्यात वर्ष एका महिन्याने लांबलेले, असा म्हणीचा सरळ अर्थ.

७/ पण येथे एक बारकावा आहे. पीक सूर्याच्या हिशेबाने येते. अधिक मास आला म्हणून पाऊस महिनाभर उशिरा येत नाही. मग तेरावा महिना जाचतो कोणाला? ज्याचे देणे तिथी-महिन्यांवर मोजले जाते त्याला. महिन्याच्या दराने व्याज लागत असेल तर त्या वर्षी तेरा महिन्यांचे व्याज. शिवाय अधिक मास म्हणजे दानधर्माचा महिना. जावयाला अनारशांचे वाण देण्याची रीत याच महिन्यातली. भुकेच्या वर्षात हा खर्च कोठून काढायचा? निसर्गाचा कोप आणि व्यवहाराचे ओझे एकत्र आले म्हणजे काय होते, ते ही म्हण घरखर्च चालवणाऱ्याच्या तोंडून सांगते.

८/ या म्हणीच्या प्रदेशाने १६३० ते १६३२ चा दख्खन-गुजरातमधला भीषण दुष्काळ पाहिला, १८७६ ते १८७८ चा पाहिला आणि १९७२ चाही पाहिला. ती कोणत्या दुष्काळात जन्मली याचा शोध घेण्यात अर्थ नाही. प्रत्येक दुष्काळाने तिचा अर्थ ताजा ठेवला, एवढे पुरे. आज लग्नघरात पाण्याचा पंप बिघडला तरी कोणीतरी ही म्हण उच्चारतो. संकट हलके झाले, शब्द मात्र जुन्या उपासमारीचे राहिले.

९/ दुसरी म्हण, ‘बैल गेला नि झोपा केला’. अनेकांना यातला ‘झोपा’ म्हणजे झोप वाटते. झोपा म्हणजे गोठ्याच्या किंवा कुंपणाच्या तोंडाला लावायचे कामट्यांचे, काट्याकुट्यांचे दार. बैल निघून गेल्यावर दार केले, काय उपयोग? या म्हणीची धार कळण्यासाठी बैलाची किंमत कळायला हवी. कोरडवाहू शेतीत पेरणीचे दिवस मोजके असतात. त्या दिवसांत बैल नसेल तर एका जनावराचे नुकसान होऊन भागत नाही, साऱ्या हंगामावर पाणी पडते. येथे बोलणारा शेतकरी आहे आणि ऐकणाराही शेतकरीच. अशा म्हणींत उपदेश असतो, कुचेष्टा नसते.

१०/ आता ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’. ही म्हण मराठी शेतकऱ्याचा स्वाभिमान म्हणून वारंवार सांगितली जाते. पहिली गोष्ट म्हणजे, ती केवळ मराठी नाही. ‘उत्तम खेती, मध्यम बान’ अशा रूपात ती उत्तर भारतातही रूढ आहे. म्हणजे ‘मराठी स्वभावा’चा पुरावा म्हणून तिचा वापर करता येत नाही. फार तर भारतातील कृषिप्रधान समाजांच्या एका समान आकांक्षेचा पुरावा म्हणता येईल.

११/ दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि कर्जरोखे, वह्या, कागदपत्रे जाळली. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. हाच तो दख्खनचा उठाव. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी सहाय्य कायदा झाला. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेती ‘उत्तम’ असे ज्या प्रदेशात म्हटले जात होते, तेथेच व्यापार-सावकारी करणाऱ्याच्या दारात शेतकऱ्याची जमीन गहाण पडलेली होती.

१२/ मग म्हण खोटी ठरते का? नाही. ती वस्तुस्थितीचे वर्णन करतच नव्हती. ती प्रतिष्ठेची उतरंड सांगत होती, आणि पैशाची उतरंड तिच्या नेमकी उलट उभी होती. म्हण समाजाची मूल्ये सांगते असे म्हणताना हे भान ठेवले पाहिजे. कित्येकदा एखादे मूल्य डळमळू लागते तेव्हाच ते मोठ्याने उच्चारावे लागते. शहरातल्या नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या मुलाला थांबवू पाहणाऱ्या बापाच्या तोंडी ही म्हण ठेवून पाहावी. तिचा स्वर बदललेला जाणवेल.

१३/ म्हणींचा परस्परविरोध हाही असाच बोलका आहे. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण सामूहिक शक्तीवर विश्वास ठेवते. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण तो विश्वास सहज मोडून काढते. दोन्ही एकाच भाषेत, कदाचित एकाच माणसाच्या तोंडीही. यांपैकी खरी मराठी कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. गाव एकवटला तेव्हा पहिली आठवली, गाव हरला तेव्हा दुसरी.

१४/ पहिल्या म्हणीला कागदोपत्री आधारही आहे. मराठेशाहीत वतनाचे, हद्दीचे तंटे गोतसभेपुढे निवडले जात आणि निर्णयाचा महजर होई. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांच्या श्रमांमुळे असे असंख्य जुने कागद उजेडात आले. महजरांत साक्षीदारांच्या निशाण्या आढळतात: कुणब्याची निशाणी नांगर, कारागिराची त्याच्या धंद्याचे हत्यार. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांचीही मान्यता घेतली जात होती. ‘गाव करी’ या शब्दांमागे ही संस्था उभी आहे.

१५/ परंतु ‘गाव’ या शब्दात कोण मोजले जात होते? ‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण पाहावी. कोठेही गेले तरी चांगल्याबरोबर थोडे वाईट असायचेच, असा तिचा रूढ अर्थ. म्हणजे गावकुसाबाहेर राहणारी माणसे या म्हणीत ‘वाईट’ या अर्थाची खूण झाली. बोलणारा कुसाच्या आत आहे, हे सांगायला कोणत्याही कोशाची गरज नाही.

१६/ इतिहासातली स्थिती याच्या विपरीत होती. महार हा गावच्या वतनी व्यवस्थेचा आवश्यक घटक होता. गावची राखण, निरोप पोहोचवणे, सरकारी माणसांची बडदास्त, सारा भरायला जाणाऱ्यांची सोबत ही कामे त्याच्याकडे असत. शिवेचा वाद पडला तर हद्द कोठून जाते याविषयी महाराची साक्ष वजनदार मानली जाई. जो गावाची सीमा जाणत होता, त्यालाच गावाने सीमेबाहेर ठेवले होते. ही विसंगती म्हणीत नाही. ती दिसण्यासाठी म्हण आणि दप्तर शेजारी ठेवून वाचावे लागते.

१७/ ‘पाटलाचं घोडं, महाराला भूषण’ ही तशीच दुसरी म्हण. दुसऱ्याच्या वैभवावर फुशारकी मारणाऱ्याला ती हसते. आता हिच्या शेजारी ‘घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण ठेवू. येथे घोडा म्हणजे दाणा-वैरणीचा नवा खर्च, आणि ज्याच्यावर तो पडला त्याच्याविषयी म्हणीला सहानुभूती आहे. व्याह्याच्या घोड्याचे ओझे म्हणीला कळते. पाटलाच्या घोड्याची निगा राखणाऱ्याचे, त्याच्यामागे धावणाऱ्याचे कष्ट मात्र कळत नाहीत. तेथे तिला फक्त त्याचा अभिमान हास्यास्पद वाटतो. म्हणीची सहानुभूती कोठे थांबते, हे या दोन घोड्यांवरून मोजता येते.

१८/ त्या कष्टांचा हिशेब वेगळ्या भाषेत मांडला गेला. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. महार वतनदाराकडून अहोरात्र घेतली जाणारी कामे आणि त्याबदल्यात मिळणारा तुटपुंजा मोबदला यांवर त्यांचा आक्षेप होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. ज्याला म्हणीने ‘भूषण’ म्हणून हिणवले, ते प्रत्यक्षात मोडून टाकण्याजोगे बंधन होते.

१९/ स्त्रियांच्या बाबतीत भाषेने कसा न्याय केला, याचे सर्वांत बोलके उदाहरण एकाच घरात सापडते. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार १७५८ च्या उत्तरेकडील मोहिमेतून आला. त्या मोहिमेचे नेतृत्व राघोबादादांचे, म्हणजे रघुनाथराव पेशव्यांचे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आला ३० ऑगस्ट १७७३ च्या घटनेतून. त्या दिवशी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘धरावे’ हा आदेश बदलून ‘मारावे’ असा करण्यात आला, आणि तो बदल राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंनी केला, अशी ही कथा.

२०/ आनंदीबाईंचा खरा सहभाग किती, हा इतिहासकारांत वादाचा विषय राहिला. राघोबांचा दोष मात्र त्यांच्याच काळात उघडपणे बोलला गेला. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी ठरवल्याचे प्रसिद्ध आहे. बारभाईंनी त्यांना पेशवेपदावर टिकू दिले नाही. तरीही रोजच्या भाषेत काय उरले? पतीच्या नावे अटकेचा झेंडा आणि पत्नीच्या नावे एका अक्षराची फिरवाफिरव. न्यायासनापुढे जे सिद्ध व्हायचे होते, ते वाक्प्रचाराने परस्पर ठरवून टाकले. आज कागदावर कोणी किरकोळ शब्द बदलला तरी नकळत तोच निकाल पुन्हा उच्चारला जातो.

२१/ मग स्त्रियांचा स्वतःचा आवाज कोठे ऐकावा? तो जात्यावर होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्या संकलित केल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, कष्ट, पाऊस, पंढरी, पुढे बाबासाहेब, असे कितीतरी विषय त्यांत आहेत. पहाटे दळताना, ऐकायला पुरुष नसताना बाई जे बोलली ते तेथे आहे. म्हणींच्या कोशात जी बहुधा तिऱ्हाइताने वर्णिलेली ‘सून’ आहे, ती ओवीत स्वतः बोलते. एका साधनाचा पक्षपात दुसऱ्या साधनाने तपासावा, हा इतिहासाचा नियम येथेही लागू पडतो.

२२/ काळ ठरवण्याच्या बाबतीतही म्हणी जपून वाचाव्यात. ‘दाम करी काम’ यातला दाम हा शब्द ‘द्रम्म’ या नाण्यावरून आला आणि त्याचे मूळ ग्रीक ‘द्राख्मा’त आहे. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते. चाळीस दामांचा एक रुपया. ‘हाजीर तो वजीर’ यात दख्खनमधल्या सुलतानी दरबारांची भाषा ऐकू येते. ‘सोळा आणे खरे’ हे बोल दशमान नाणी आल्यावर, १९५७ नंतरही, टिकून आहेत. यावरून म्हणीचे जन्मवर्ष सांगता येत नाही. परंतु कोणकोणत्या राजवटी आणि बाजारपेठा या भाषेतून गेल्या, ते मात्र दिसते. ज्यांना शुद्ध, अस्पर्शित संस्कृती म्हणींत शोधायची आहे, त्यांची येथे निराशा होईल.

२३/ आता शेवटचा प्रश्न, आणि तो टाळण्याजोगा नाही. ज्या म्हणींनी माणसांना हिणवले, त्यांचे काय करावे? कोशातून त्या काढून टाकल्या तर अन्यायाचा एक पुरावाच नाहीसा होईल. जिभेवर ठेवल्या तर तो अन्याय रोज नव्याने घडेल. म्हणून त्यांची जागा कोशात असावी, प्रसंगासह आणि टिपेसह, बोलण्यात नसावी. ‘आमच्या मनात तसे काही नसते’ हा बचाव येथे अपुरा आहे. बाण कोणाला लागतो, ते बोलणाऱ्याच्या मनावर ठरत नाही. सुनेलाही ते कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

२४/ डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलण्यासाठी शासनाचा निर्णय पुरतो. म्हणीवर मात्र कोणत्याही शासनाचा अधिकार चालत नाही. ती रूढ झाली लोकांच्या बोलण्याने आणि मागे पडेल तीही लोकांनी बोलणे सोडल्यानेच. ‘बैल गेला नि झोपा केला’ पुढच्या पिढीच्या तोंडी राहावी आणि ‘गाव तेथे महारवाडा’ केवळ इतिहासाच्या पुस्तकात सापडावी, ही निवड आज मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे.